पहिली सल्लागार फर्म सोडताना

व्यवस्थापन सल्लागार संस्थेतील, म्हणजेच रोजच्या भाषेत 'कन्सल्टिंग फर्म'मधील नोकरी आता शहरी मराठी कुटुंबांना अपरिचित राहिलेली नाही. अभियांत्रिकी, वाणिज्य किंवा व्यवस्थापनाची पदवी हाती येताच मुंबई, पुणे, गुरुग्राम, बंगळूरु किंवा हैदराबाद येथील कार्यालयांत दाखल होणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या मोठी आहे. या नोकरीत वर्ष-दीड वर्ष सरले की एक प्रश्न हमखास पुढे येतो. येथेच राहायचे, की दुसऱ्या फर्मची वाट धरायची? भरती करणाऱ्या एजन्सीचा फोन आलेला असतो, बरोबरचा सहकारी वाढीव पगारावर निघून गेलेला असतो, शैक्षणिक कर्जाचा हप्ता चुकत नसतो आणि हातातील प्रकल्प लांबलेला असतो. अशा वेळी निर्णय बहुधा पगाराच्या एका आकड्यावर घेतला जातो.

सल्लागार व्यवसायाचे स्वरूप पाहिले, तर हा आकडा पुरेसा नाही हे लक्षात येते. बँकेत किंवा कारखान्यात नवा कर्मचारी एका टेबलावर किंवा एका विभागात नेमला जातो. सल्लागार फर्ममध्ये मात्र त्याला दर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी नवा प्रकल्प मिळवावा लागतो. तो देतात वरिष्ठ व्यवस्थापक आणि भागीदार, आणि ते पूर्वी ज्याच्याबरोबर काम केले आहे त्यालाच पुन्हा बोलावतात. म्हणूनच पहिल्या दोन-तीन वर्षांत तरुण सल्लागाराची कमाई दोन प्रकारची असते. एक, शिकलेले काम आणि दुसरी, चार वरिष्ठांच्या मनात निर्माण झालेला भरवसा. फर्म बदलताना पहिली कमाई बरोबर जाते, दुसरी बरीचशी मागे राहते. नवा पगार मोजताना ही मागे राहणारी कमाई हिशेबात धरणे आवश्यक आहे.

एका नावाखाली अनेक व्यवसाय

'कन्सल्टिंग' हा शब्द एकच असला तरी त्याखालचे व्यवसाय वेगवेगळे आहेत. पहिला गट कंपनीचे धोरण ठरवण्यास साहाय्य करणाऱ्या फर्मचा. १९२६ मध्ये स्थापन झालेली मॅकिन्झी, १९६३ मधील बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप (बीसीजी) आणि १९७३ मधील बेन ही त्यातील ठळक नावे. दुसरा गट लेखापरीक्षणातून वाढलेल्या चार मोठ्या समूहांचा, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी यांचा. येथे कर, जोखीम, कंपन्यांची खरेदी-विक्री, शासकीय योजना आणि तंत्रज्ञान असे अनेक विभाग एका छपराखाली असतात. तिसरा गट ॲक्सेंचरसारख्या तंत्रज्ञानप्रधान कंपन्यांचा. तेथे सल्ल्याबरोबर प्रणाली उभारण्याचे आणि ती चालवण्याचेही काम केले जाते.

भारतात या विभागणीत आणखी एक पदर आहे आणि तो ध्यानात न आल्याने अनेकांची फसगत होते. एकाच समूहाची येथे दोन प्रकारची कार्यालये असतात. एक, भारतीय ग्राहकांना सेवा देणारी सदस्य फर्म आणि दोन, परदेशातील कार्यालयांना येथून साहाय्य पुरवणारी केंद्रे. डेलॉइट यूएसआय, ईवाय जीडीएस, केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस, पीडब्ल्यूसीची ॲक्सिलरेशन सेंटर ही दुसऱ्या प्रकारातली. धोरण सल्लागार फर्मनीही संशोधन आणि विश्लेषणासाठी भारतात स्वतंत्र केंद्रे उभारली आहेत. व्हिजिटिंग कार्डावरील नाव सारखे दिसले तरी ग्राहकाच्या दालनात बसण्याची संधी, कामाचे तास, प्रवास आणि बढतीचा मार्ग या दोन ठिकाणी भिन्न असतो. दोहोंपैकी एक कनिष्ठ असे मुळीच नाही. रात्रीच्या बैठका नकोत, पण प्रवास चालेल, असे म्हणणाऱ्याला सदस्य फर्म सोयीची, तर अमेरिकी प्रणालींचे खोल ज्ञान हवे असणाऱ्याला दुसरा पर्याय. नियुक्तिपत्रावर नेमक्या कोणत्या संस्थेचे नाव आहे, हे वाचूनच पुढे जावे.

लेखापरीक्षण करणाऱ्या समूहांत आणखी एक मर्यादा येते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४४ नुसार लेखापरीक्षकाला आपल्याच ग्राहक कंपनीस व्यवस्थापन सेवांसह काही ठरावीक सेवा देता येत नाहीत. त्यामुळे एखादा मोठा उद्योगसमूह लेखापरीक्षणाचा ग्राहक असेल, तर सल्ल्याच्या कामासाठी त्याचे दार बरेचसे बंद राहते. बँकिंग किंवा वाहन उद्योगात विशेष प्रावीण्य मिळवायचे असेल, तर त्या क्षेत्रातील कोणत्या कंपन्या नव्या फर्मला खुल्या आहेत, हे मुलाखतीतच विचारलेले बरे. अशा समूहांत रुजू होताना स्वतःची, आणि काही पदांवर कुटुंबीयांचीही, शेअरमधील गुंतवणूक जाहीर करावी लागते. प्रसंगी ती विकावीही लागते.

पदनामांचा चकवा

दुसरी गफलत पदनामांची. 'असोसिएट' हा शब्द घ्या. मॅकिन्झीत पदवीधर मुलगा 'बिझनेस ॲनॅलिस्ट' म्हणून लागतो आणि 'असोसिएट' हे पद एमबीए झालेल्यांचे असते. बीसीजीत पदवीधराची सुरुवातच 'असोसिएट' म्हणून होते आणि एमबीएनंतरचा 'कन्सल्टंट' ठरतो. बेनमध्ये पहिली पायरी 'असोसिएट कन्सल्टंट'ची. पीडब्ल्यूसीत 'असोसिएट' ही अगदी आरंभीची पायरी, तर डेलॉइटमध्ये 'कन्सल्टंट' हे पद एमबीएशिवायही सुरुवातीच्या काही वर्षांत मिळू शकते. तीच गोष्ट 'मॅनेजर' या शब्दाची. कोठे तो चार माणसांचा प्रकल्प चालवतो, कोठे स्वतःच तक्ते भरत असतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की पदनामात बढती दिसली तरी प्रत्यक्षात ती बढती नसू शकते आणि पदनाम उतरले तरी काम वरच्या दर्जाचे असू शकते. चार मोठ्या समूहांतून धोरण सल्लागार फर्मकडे जाणाऱ्यास अनेकदा एखादे वर्ष मागे येऊन सुरुवात करावी लागते. हे नुकसान मानायचे की गुंतवणूक, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यासाठी तीन साधे प्रश्न पुरतात. या पदावरील व्यक्ती ग्राहकाशी स्वतः बोलते का? तिच्या हाताखाली किती जण असतात? आणि या पदावरून पुढच्या पदावर जाण्यास साधारण किती काळ लागतो? उत्तरे मनुष्यबळ विभागाकडून घेण्यापेक्षा त्या पदावर सध्या काम करणाऱ्याकडून घेतली, तर अधिक विश्वासार्ह मिळतात.

फर्मच बदलतात तेव्हा

फर्म बदलण्याची रीत या व्यवसायाला नवी नाही. बेन ही फर्मच मुळी अशा स्थलांतरातून जन्मली. बिल बेन १९७३ मध्ये काही सहकाऱ्यांसह बीसीजीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या नावाची फर्म काढली. मोठ्या फर्मची रचनाच अशी असते, की तळाशी अनेक आणि शिखरावर थोडे. पुढच्या पायरीवर चढा, नाहीतर बाहेर पडा, हा दंडक धोरण सल्लागार फर्मनी उघडपणे पाळला आहे. त्यामुळे लवकर बाहेर पडणे हा तेथे कलंक मानला जात नाही. माजी कर्मचाऱ्यांचे मेळावे याच फर्म भरवतात, कारण आजचा माजी कर्मचारी उद्याचा ग्राहक असू शकतो.

याउलट, माणूस जागेवरच राहिला आणि फर्म बदलून गेली, असेही वारंवार घडले आहे. अर्न्स्ट अँड यंगचा सल्लागार विभाग २००० मध्ये कॅप जेमिनीकडे गेला. अँडरसन कन्सल्टिंगने १ जानेवारी २००१ पासून ॲक्सेंचर हे नाव घेतले. एन्रॉन प्रकरणानंतर २००२ मध्ये आर्थर अँडरसन ही लेखापरीक्षण फर्म कोसळली आणि तिचे हजारो कर्मचारी प्रतिस्पर्धी फर्ममध्ये विखुरले. त्याच वर्षी पीडब्ल्यूसीचा सल्लागार विभाग सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना आयबीएमने विकत घेतला आणि केपीएमजीपासून वेगळ्या झालेल्या सल्लागार कंपनीने बेअरिंगपॉइंट हे नाव धारण केले. ही कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. मायकेल पोर्टर यांच्यासारख्या नामवंत प्राध्यापकाने सहकाऱ्यांसह स्थापन केलेला मॉनिटर समूह २०१२ मध्ये अडचणीत आला आणि २०१३ मध्ये डेलॉइटच्या ताब्यात गेला. २०१४ मध्ये बूझ अँड कंपनी पीडब्ल्यूसीत विलीन झाली. ईवायने लेखापरीक्षण आणि सल्लागार व्यवसाय वेगळे करण्याची आखलेली मोठी योजना एप्रिल २०२३ मध्ये गुंडाळली.

या इतिहासावरून एक बोध घेता येतो. केवळ फर्मच्या नावावर विसंबून आयुष्याची आखणी करू नये आणि केवळ नावासाठी चांगले काम सोडू नये. बाजाराची लाटही पाहावी. कोविडनंतरच्या २०२१ आणि २०२२ या वर्षांत भरतीचा जोर होता. पुढे मार्च २०२३ मध्ये ॲक्सेंचरने १९ हजार जागा कमी करण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षी मॅकिन्झीनेही सुमारे १४०० जागा कमी करण्याचे पाऊल उचलले. मंदीची चाहूल लागलेली असताना नव्या ठिकाणी जाणाऱ्याच्या पाठीशी ना जुने प्रकल्प असतात, ना ओळखीचे भागीदार, आणि परिवीक्षा कालावधीही संपलेला नसतो. प्रकल्पाविना बसून राहण्याची, म्हणजे 'बेंच'वर जाण्याची वेळ अशा माणसावर लवकर येते.

केव्हा थांबावे, केव्हा निघावे

पहिल्या फर्ममध्ये किमान एक पूर्ण मूल्यमापन चक्र पूर्ण करावे, हा सर्वांत साधा निकष. त्याआधी बाहेर पडणाऱ्याला नव्या मुलाखतीत दाखवण्यासारखे पूर्ण झालेले काम नसते. प्रकल्पात मी काय केले, कोणता निष्कर्ष काढला, ग्राहकाने त्यावर काय कृती केली, या प्रश्नांना अर्धवट प्रकल्पातून उत्तर मिळत नाही. सुमारे दोन वर्षांत दोन-तीन वेगळ्या प्रकारचे प्रकल्प पूर्ण झाले असतील, तर उमेदवाराची बाजू भक्कम होते. तीन वर्षांत तीन फर्म, असा प्रवास मात्र प्रत्येक मुलाखतीत खुलासा मागतो.

थांबण्याऐवजी निघणेच योग्य, अशाही परिस्थिती आहेत. सलग वर्षभर एकाच ग्राहकाकडे तेच ते काम करावे लागत असेल आणि मागूनही बदल मिळत नसेल; विभागातले भागीदार एकेक करून सोडून जात असतील; कर किंवा तंत्रज्ञानाच्या कामातून धोरणाच्या कामाकडे वळायचे असेल आणि अंतर्गत बदलीचा मार्ग बंद असेल; किंवा वागणूक अपमानास्पद असेल आणि प्रकृतीवर परिणाम होत असेल, तर वर्षांचे गणित मांडत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी एक चाचणी उपयोगी पडते. नव्या ठिकाणी कामाचे स्वरूप बदलणार आहे, की फक्त पगार आणि पाटी? काम बदलत असेल तर कमी पगारवाढही चालते. काम तेच राहणार असेल, तर आधी सध्याच्या फर्ममध्येच विभाग बदलून मागावा. मोठ्या फर्ममध्ये अशा बदल्या होत असतात आणि त्यात वरिष्ठांचा भरवसा वाया जात नाही.

याला अलीकडे आणखी एक कारण जोडले गेले आहे. माहिती गोळा करणे, अहवाल चाळणे, सादरीकरणाचा कच्चा मसुदा तयार करणे ही कनिष्ठांची परंपरागत कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडे जाऊ लागली आहेत. मॅकिन्झीने २०२३ मध्ये 'लिली' नावाचे असे अंतर्गत साधन वापरात आणले. नव्या फर्ममध्ये कनिष्ठ सल्लागाराच्या वाट्याला नेमके काय उरते, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.

करारपत्र आणि कायदा

नियुक्तिपत्रातील काही कलमांची तरुणांना विनाकारण धास्ती असते, तर काहींकडे ते साफ दुर्लक्ष करतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय वा नोकरी करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता निरर्थक ठरतो. नोकरी सोडल्यानंतर अमुक काळ प्रतिस्पर्धी संस्थेत काम करू नये, ही अट सर्वसाधारणपणे याच कलमामुळे टिकत नाही. व्यवस्थापन करारासंबंधी परसेप्ट डी'मार्क विरुद्ध क्रिकेटपटू झहीर खान या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. कराराची मुदत संपल्यानंतर लागू होणारे बंधन अंमलात आणता येत नाही, असा त्याचा आशय होता.

नोकरी चालू असतानाचे बंधन ही मात्र वेगळी बाब आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यातील कर्मचाऱ्याने पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडल्याच्या प्रकरणात, कराराच्या मुदतीत दुसरीकडे तेच काम न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये वैध ठरवली होती. प्रशिक्षणाच्या बदल्यात लिहून घेतलेल्या बाँडबाबतही गाफील राहू नये. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट ग्राह्य धरली. ती बँक सार्वजनिक क्षेत्रातील होती आणि भरतीवरील खर्चाचा विचार त्या निकालात झाला, हे खरे. तरीही 'बाँड कोर्टात टिकतच नाही' हा सर्रास दिला जाणारा सल्ला धोक्याचा आहे.

गोपनीयतेचे कलम तर नोकरी संपल्यावरही पाठ सोडत नाही. ग्राहकाचे आकडे, सादरीकरणे, किमतींची प्रारूपे स्वतःच्या ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घेणे हा करारभंग आहे आणि त्यातून कायदेशीर कारवाई ओढवू शकते. आपण तयार केलेली स्लाइड आपली नसते, ती फर्मची आणि ग्राहकाची असते. मुलाखतीतही ग्राहकाचे नाव न घेता उद्योग आणि समस्या एवढेच सांगावे. तसे न करणाऱ्याकडे मुलाखत घेणारा उद्याचा धोका म्हणूनच पाहतो.

पैशाचा हिशेब

नव्या पगाराची तुलना करताना वार्षिक एकूण खर्चाचा, म्हणजे 'सीटीसी'चा आकडा फोडून पाहावा. त्यात निश्चित पगार किती, कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किती आणि एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस किती, हे वेगळे लिहावे. जॉइनिंग बोनस ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास परत करण्याची अट बहुधा असते. ग्रॅच्युइटीची रक्कम अनेक ठिकाणी सीटीसीत धरलेली दिसते. कायम कर्मचाऱ्याला मात्र तिचा हक्क सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच मिळतो. दोन वर्षांत निघणाऱ्याने तो आकडा वजा करूनच तुलना करावी.

बाहेर पडण्याची तारीखही पैशाची असते. कामगिरीवरील बोनस अनेक फर्ममध्ये तो वाटला जाईल त्या दिवशी नोकरीत असलेल्यांनाच मिळतो. जागतिक पातळीवर या समूहांची आर्थिक वर्षेही वेगवेगळी आहेत. डेलॉइटचे मेअखेर, पीडब्ल्यूसी आणि ईवायचे जूनअखेर, ॲक्सेंचरचे ऑगस्टअखेर, तर केपीएमजीचे सप्टेंबरअखेर संपते. आपल्या कार्यालयात मूल्यमापन आणि बोनसवाटप कोणत्या महिन्यात होते, हे राजीनाम्यापूर्वी तपासले नाही, तर वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडते. नव्या ठिकाणी वर्षाच्या मध्यावर रुजू झालेल्यास पुढच्या बढतीसाठी धरले जाईल की आणखी एक चक्र थांबावे लागेल, हेही लेखी विचारून घ्यावे.

नोटीस कालावधी अनेक फर्ममध्ये दोन ते तीन महिन्यांचा असतो. तो पूर्ण न केल्यास तेवढ्या काळाचा पगार कापला जातो. या वसुलीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असा खुलासा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये केला आहे. ही रक्कम भरून देण्याची तयारी नवी फर्म दाखवत असेल, तर ते नियुक्तिपत्रात नमूद करून घ्यावे. दुसरीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करणे मालकावर बंधनकारक आहे.

भविष्यनिर्वाह निधी काढून घेण्याचा मोह टाळावा. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक दिला जातो आणि त्याच क्रमांकाखाली रक्कम नव्या नियोक्त्याकडे वर्ग करता येते. असे केल्यास सेवेची वर्षे जोडली जातात. पाच वर्षांच्या सलग सेवेपूर्वी रक्कम काढल्यास तिच्यावर प्राप्तिकर लागतो. त्याच वर्षातील जुन्या पगाराचा तपशीलही नव्या नियोक्त्याला द्यावा. तो न दिल्यास दोन्ही नियोक्ते करमुक्त मर्यादा आणि प्रमाणित वजावट आपापल्या परीने धरतात, कर कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना मोठी रक्कम व्याजासह भरावी लागते.

निघण्यापूर्वी एवढे करा

- नव्या फर्मचे सहीचे नियुक्तिपत्र हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. तोंडी आश्वासन आणि ईमेलवरील 'अभिनंदन' म्हणजे नियुक्ती नव्हे.
- पद, विभाग, शहर, संस्थेचे नेमके नाव आणि परिवीक्षेची मुदत नियुक्तिपत्रात तपासा.
- राजीनाम्याची बातमी प्रकल्पाच्या व्यवस्थापकाला प्रथम स्वतः सांगा. ती इतरांकडून कळली तर भरवसा तुटतो.
- थांबण्यासाठी पगारवाढ देऊ केली, तर निघण्याचे मूळ कारण तिने दूर होते का, ते पाहा.
- हातातील काम लिहून सहकाऱ्याकडे सोपवा. कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवपत्र आणि अखेरच्या महिन्यांच्या पगारपावत्या घ्या. नव्या फर्मच्या पडताळणीत ही कागदपत्रे लागतात.
- सुट्या, पदे आणि तारखा यांविषयी अर्जात अचूक माहिती द्या. पडताळणीत तफावत आढळल्यास रुजू झाल्यानंतरही नोकरी जाऊ शकते.
- ज्यांच्याबरोबर चांगले काम झाले, अशा दोन-तीन वरिष्ठांशी संपर्क ठेवा. पुढच्या प्रत्येक नोकरीत त्यांचा शब्द विचारला जाईल.

सल्लागारांचे वर्तुळ बाहेरून मोठे भासले तरी आतून लहान आहे. आज ज्या भागीदाराचा निरोप घेतला, तो पाच वर्षांनी दुसऱ्या फर्ममध्ये किंवा ग्राहकाच्या खुर्चीत बसलेला भेटू शकतो. फर्म बदलताना मागे राहणारा भरवसा पूर्णपणे वाचवता येत नाही. हातातील प्रकल्प पुरा करून आणि नोटीस कालावधी नीट पाळून त्यातील बराचसा भाग मात्र जपता येतो.